काशीरामने श्वास रोखला

नाते गावच्या बौद्धवाडीत पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन पाळीपाळीने होतं, आणि या रविवारी पाळी होती काशीरामची. गेल्या वर्षी त्याने एकच पान दोनदा वाचलं होतं. (तिसऱ्यांदाही वाचलं असतं, पण बायकांच्या रांगेतून त्याची बायको उज्वला जोरात खाकरली.) डोळे ओळीवर आणि मन एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत, व्हॉल्व्ह बंद केला की नाही यात.

यंदा मन ताळ्यावर ठेवायचंच, असं त्याने ठरवलं. मोबाईलवर एक गुरुजी सापडले. श्वास चार मोजेपर्यंत आत, सात मोजेपर्यंत धरायचा, आठ मोजेपर्यंत बाहेर. आठवडाभर काशीराम बसमध्ये, मोरीत, जेवताना मोजत होता.

"अवो, घास गिळा तरी," उज्वला म्हणायची.

रविवारी पहिली शिफ्ट करून तो थेट विहारात आला. वंदना झाली. ग्रंथ पुढ्यात घेऊन त्याने डोळे मिटले. प्रसंग मोठा, सातने काय होणार? त्याने चाळीस ठरवले. वीसला गाल फुगले. तिसाला कान लाल झाले.

"गो उज्वले!" त्याची चुलती चंद्राबाई ओरडली. "ह्याला गॅस लागला काय? कंपनीतनंच आलाय ना?"

एकच गलका झाला. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी डोक्यावर तांब्या ओतला. 'मला काय झालेलं नाय' असं काशीरामला सांगायचं होतं, पण चौतीस झाले होते. सहासाठी आठवड्याची मेहनत कोण घालवणार? चाळीसला त्याने तोंड उघडलं तेव्हा तो चौघांच्या हातांवर आडवा होता.

"मी... श्वास..."

"श्वास अडकलाय! रिक्षा आणा!" विहाराचं सगळं बघणारे गोमाजीबाबा ओरडले.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, सगळी हकिगत ऐकली आणि तोंडाला रुमाल लावला. "काही झालेलं नाही. घरी जा."

परत आले तर विहारात मंडळी तशीच बसलेली. काशीरामने ग्रंथ उघडला, पण अक्षरं नाचत होती.

"द्या हिकडं," उज्वला म्हणाली, आणि तिने अख्खा अध्याय कुठेही न अडखळता वाचला. पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती.

"हितनं पुढं काशीरामच्या पाळीला उज्वलाच वाचील," गोमाजीबाबांनी जाहीर केलं.

"आन् मी?"

"तू ऐकायला ये. श्वास तेवढा चालू ठेव."

तेव्हापासून काशीराम भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकतो. मन अगदी एकाग्र होतं. फक्त मधूनमधून चंद्राबाई उठून येते आणि त्याच्या नाकापुढे बोट धरून बघते.