बारक्याला कापलं तरी चालेल

बुद्धी सुरीसारखी, नजर घारीसारखी आणि पोट... पोटाचा विषय निघाला की हा थोर गुप्तहेर मौन पाळी. "गुन्ह्याची पाळंमुळं खणून काढतो मी!" असं तो येईल-जाईल त्याला ऐकवी. आजवर त्यानं एकच चष्मा शोधला होता, तोही स्वतःच्या कपाळावरचा. घरात त्याला अजून बारक्याच म्हणत आणि थोरल्या भावाला मोठ्या. बारक्या बायकोसह ताईकडेच राही.

ताईनं परसात छोटी खोली बांधायला काढली होती. कोणासाठी, ते काही सांगेना. शेजारीच तिच्या सासूबाईंनी लावलेली तुती. त्या गेल्यापासून ताईचा सगळा जीव त्या झाडात होता. बारक्या खिडकीखाली दबा धरून बसला.

"मोठ्याला धक्का लावायचा नाही," गवंडी सांगत होता.

"आणि बारक्याला?" ताईनं विचारलं.

"कापलं तरी चालेल. पण धारेच्या हत्यारानं, एका घावात. चेचायचं नाही. वर लगेच माती."

बारक्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो रांगतच बायकोकडे गेला. "ताई माझा काटा काढतेय! मोठ्याला धक्का नको, बारक्याला कापा म्हणे! तो गवंडी नाही, मारेकरी आहे. खड्डे बघ!"

"खांबांसाठी आहेत ते."

"मग सलग पाया का नाही? सुटे सुटे का? तुकडे करून पुरणार मला!"

बायकोनं नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "चार खड्ड्यांत नाही हो मावणार तुम्ही."

पण तोवर तो कुदळ घेऊन धावला होता. एका खड्ड्यात ओल्या पोत्याखाली दंडाएवढं काहीतरी दिसलं. "आधीचा बळी!" म्हणत त्यानं कुदळ उगारली. ताई किंचाळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बायकोनं मागून दांडा धरला आणि गवंड्याला सरळ विचारलं, "मोठा कोण, बारका कोण?"

"मुळं हो, वहिनी! सलग चर खणला तर सगळीच तुटतात, म्हणून सुटे खड्डे. बारकं मूळ कापलं तर झाड सोसतं. मोठं लागलं की खड्डाच बाजूला घ्यायचा. हा आता सरकवणारच होतो."

ताई मटकन खाली बसली. पोत्यावरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले होते. मग ती भावावर कडाडली, "स्वयंपाकघरात बसून रोज माझी उलटतपासणी घेतोस. तुला हक्काचं कार्यालय असावं म्हणून बांधतेय रे मी हे, गाढवा!"

बारक्यानं कुदळ बाजूला ठेवली. "म्हणजे मला मारायचा तुझा विचार नव्हता?"

"आत्तापर्यंत नव्हता," ताई म्हणाली.