रनाळ्याच्या बेपत्ता बॅनरचं प्रकरण

रनाळ्यात गुन्हे होत नाहीत, कारण मी इथे राहतो. मी म्हणजे गुप्तहेर हेमकांत. नजर घारीची, डोकं कॉम्प्युटरचं, आणि बायकोच्या मते हात रिकामे. मी गुप्त आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

त्या दुपारी शेजारची धनुबाई धापा टाकत आली. "हेमकांतभाऊ, टीव्ही बंद पडी गया! आज सांजले मन्ही भाविका टीव्हीवर येवाव शे. आख्खी गल्ली चहाले बलाई ठेयेल शे मी!"

भाविका तिची मुलगी, धुळ्याला शिकते. कसल्याशा सरकारी कार्यक्रमात तिला काम मिळालं होतं. कसलं, ते कुणी विचारलंच नाही. टीव्हीवर येणार, एवढं गावाला पुरलं.

मी भिंग घेऊन गच्चीवर चढलो. डिशच्या छत्रीवर शेजारच्या जुबेरचं कबुतर बसलं होतं.

"आरोपी सापडला!"

"हाऊ ते रोजच तठे बठस," जुबेर म्हणाला. "काल टीव्ही चालू व्हता ना?"

कबुतराची निर्दोष सुटका झाली. जाताना ते माझ्या भिंगावर आपलं मत देऊन गेलं.

मग मी ग्रामपंचायतीचा शिपाई लोटन याला दरडावलं. तो म्हणाला, "टीव्हीनी फ्रिक्वेन्सी बदलनी. लोकेसले समजाडाकरता सरकारना निधी उना व्हता. चौकमा बॅनर व्हतं, आते ते बी गायब शे."

"त्यावर काय लिहिलं होतं?"

"वाचं कोणी? मी फक्त बांधं."

निधी आला, बॅनर गेलं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही टोळी थेट दिल्लीपर्यंत पोचलेली होती. मी लोटनला अटक केली. तो माझ्या पैशाने चहा प्याला आणि निघून गेला.

इकडे पाहुण्यांना बसायला अंगण हवं, म्हणून धनुबाई वाळत घातलेली मिरची गोळा करत होती. मी शिंकत शिंकत तिला टोळीची माहिती देत होतो. तिने मिरचीखालचं अंथरूण झटकलं, ते उलटं झालं, आणि हातभर अक्षरं दिसली : 'टीव्ही दिसत नाही? रिमोट घ्या...'

आमच्याकडे कुठलंही बॅनर शेवटी मिरचीखालीच जातं, छापील बाजू खाली करून. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी तेव्हा मनाने दिल्लीत होतो.

"तूच चोर!" मी ओरडलो.

"इलेक्शनना बॅनरवर गहू वायाडस मी, तव्हय कोणी चोर म्हनत नई!"

जुबेरने बॅनर वाचून बटणं दाबली. टीव्ही लागला. गल्ली चहाचे कप घेऊन बसली. आणि खरंच भाविका आली, हिरव्या साडीत. धनुबाईला रडू फुटलं. मलाही फुटलं, पण ते मिरचीमुळे.

भाविकाने हात जोडले. "नमस्कार! तुमचा टीव्ही बंद पडलाय का? घाबरू नका. रिमोट घ्या..."

निधीचा तपास लागला होता.

धनुबाईने पदराने डोळे पुसले आणि टीव्हीलाच म्हणाली, "अव माय, हाई फोनवर सांगती ना!"