राक्षसाच्या आतले गोताडकाका

आमच्या शेजारचे गोताडकाका लिफ्टमध्ये शिरताना उजवा हात मागे नेतात, शेपूट आवरून आत घेतात आणि मगच दार लावतात. शेपूट अर्थातच नाही. बँकेत, दवाखान्यात, रिक्षात बसतानाही हेच. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत नवीन आलेली माणसं आधी दचकतात, मग हळूहळू तीही त्या शेपटाला जागा सोडायला लागतात.

हे शेपूट त्यांना सिनेमानं दिलं. काका मूळचे संगमेश्वराकडचे. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात संकासूर व्हायचे. तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू, आणि अख्खं गाव हसवायचं. मुंबईत आल्यावर कुणीतरी त्यांना एका राक्षसाच्या सिनेमात नेलं, कारण मुखवट्यात नाचता येणारा माणूस हवा होता. काकांना वाटलं, झालो नट.

पोशाख रबराचा, आत स्पंज. चेन पाठीला, म्हणजे दुसऱ्यानं सोडवल्याशिवाय सुटका नाही. बघायला राक्षसाच्या गळ्यात एक भोक. महिनाभर ते शेपूट ओढत फिरले. उकडून जीव चालला की आतून पाणी मागायचे. बाहेर नुसती घरघर ऐकू यायची आणि दिग्दर्शक डरकाळीवर खूश व्हायचा. एकदा काका उभ्या उभ्या कोसळले. राक्षस त्या दिवशी मरायचा नव्हता, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आत मानूस हाय, हे कुनाच्या ध्यानातच नाय आलं," काका सांगतात.

दुसऱ्या दिवशी पोशाखात दुसरा माणूस घातला. काकांचं सगळं शूटिंग पुन्हा करणार, असंही कुणी म्हणालं. काकांनी तुर्भ्याला गोडाऊनची नोकरी धरली आणि घरात ताकीद दिली, त्या सिनेमाचं नाव काढायचं नाही. स्वतः तो कधीच पाहिला नाही. भीती एकच, आपण त्यात नसलोच तर?

आजही दुकानासमोर कुणी अस्वलाचा पोशाख घालून पत्रकं वाटत असलं, की काका त्याच्या गळ्याशी तोंड नेऊन विचारतात, "बरा हायस ना रं?" आतून कधी "हां अंकल" येतं, कधी शिवी येते. काकांचं दोन्हीनं समाधान होतं. माणूस शुद्धीवर आहे.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगितलंय. त्यामुळे फोनवर काही शोधायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. काका मात्र कधी आले नाहीत. गेल्या रविवारी तो सिनेमा मीच शोधून काढला आणि सरळ त्यांच्या टीव्हीवर लावला. ते म्हणाले, बंद कर. मी नाही केला. एवढं शिकून थोडी दादागिरी तर जमलीच पाहिजे.

काका सोफ्याच्या टोकाला बसले, कधीही उठून जातील असे. राक्षस आला तसे पुटपुटले, हा मीच कशावरून, तोंड तर रबराचं.

राक्षस गावाच्या वेशीवर पोचला. पाऊल आत टाकण्याआधी वाकला, पंजा जमिनीला लावला आणि कपाळाला टेकवला. मग त्यानं पहिली झोपडी चिरडली.

काका उठून उभेच राहिले. नमनात खेळायला उतरण्याआधी ते अशीच जमीन वंदायचे. ती सवय रबराच्या आतही सुटली नव्हती, आणि तेवढा तुकडा सिनेमातून कापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मीच हाय," ते म्हणाले. "ठेवलाय मला." आणि इतक्या वर्षांचा कोंडलेला श्वास त्यांनी सोडला.

काकू दाराशी सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमीच हायत. थेटरात लागलेला तवाच बगून आलेली मी."

"मग सांगितलंस नाय?"

"नाव काडायचं नाय म्हनालेलात ना."

काका परत सोफ्यावर टेकले. टीव्हीवर डोंगराएवढा राक्षस गाव तुडवत चालला होता. मग पहिलंच काम केलेल्या पोरानं विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "कसा दिसलेलो?"

काकूंनी आता मान वर केली.

"लय बारीक झालेलात," त्या म्हणाल्या.