रिकाम्या खुर्चीचं वजन

पडद्यावरची खुर्ची रिकामी होती, आणि तरीही तिच्यात कुणीतरी बसत होतं.

जावई एका फर्निचर कंपनीत डिझायनर. कंपनीचं काम तो घरीच, जेवणाच्या टेबलावर करायचा. सध्या त्याच्याकडे वयस्कर माणसांना उठायला मदत करणारी खुर्ची आली होती. बाजूला एक दांडा. तो ओढला की खालच्या तरफा फिरायच्या आणि बैठक अलगद वर यायची. दांड्याला किती जोर लागतो ते सॉफ्टवेअरमध्ये खुर्ची चालवून बघायचं, त्यावरून स्प्रिंग ठरवायची आणि संध्याकाळपर्यंत फाइल वर्कशॉपला धाडायची. सोपं काम.

पहिली चाचणी रिकाम्या खुर्चीची. जोराचा आलेख खाली सपाट राहायला हवा होता. तो वर चढला, जरा डुगडुगला, कुणी अंग सावरून बसावं तसा, आणि मग स्थिर झाला. जावयाने भारांची यादी तपासली. बैठकीवर कसलाच भार दिलेला नव्हता. त्याने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. चढणं, सावरणं, टेकणं.

भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

"एकाहत्तर किलो," त्याने पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचला.

"एकाहत्तर?" मागून आवाज आला, आणि जावई टेबलासकट उडाला. सासरे चहाचा कप घेऊन उभे होते. "मग तीच."

"ती कोण?"

"तुमच्या सासूबाई. दुसरं कोण?"

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. "बाबा, सॉफ्टवेअरचा घोळ आहे हा," जावई म्हणाला.

"घोळ कसला, जावईबापू? हा आकडा तिने डॉक्टरांनासुद्धा कबूल केला नाही. काटा बिघडलाय म्हणायची. जगात आम्हा दोघांनाच ठाऊक. आणि मी काही तुमच्या कॉम्प्युटरला सांगायला गेलो नव्हतो."

ही फाइल आधी कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडे होती; त्याला सगळे दाढीच म्हणत. जावयाने त्याला फोन लावला. तो उचलेना. तोवर सासऱ्यांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर बैठक मारली होती.

"पाठ जरा मागे कलती करा. तिची कंबर धरते."

वाद नको म्हणून जावयाने पाठ कलती करून खुर्ची पुन्हा चालवली. या वेळी आलेख न डुगडुगता टेकला. सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला.

एवढ्यात बायको शाळेतून आली. ती विज्ञान शिकवायची. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "काहीतरीच काय, बाबा! आईचं वजन पासष्टच्या वर कधीच नव्हतं."

"ते तुला सांगायचं वजन."

"आणि गेल्यावर माणसाचं वजन वाढतं का?"

"का नाही? आता तिला गोड खाऊ नकोस म्हणणारं कोण आहे?"

बायकोने आलेख नीट न्याहाळला. मग पडद्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आई, माझ्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे ठेवलीस गं?"

आलेख ढिम्म.

"बघा! आई असती तर सांगितलं नसतं का?"

"जिवंत असताना तरी कुठे सांगायची?" सासरे म्हणाले.

तेवढ्यात दाढीचा फोन आला. "अरे, सांगायचंच राहिलं! त्या फाइलमध्ये चाचणीसाठी माणसाच्या वजनाचा एक पुतळा लपवून ठेवलाय. माझ्या आईला काट्यावर बसवून मापं घेतली होती. तिने दम भरला, माझा आकडा कुणाला दिसला तर याद राख. म्हणून लपवला."

जावयाचा जीव भांड्यात पडला. त्याने पुतळा शोधला, पुसला आणि खुर्ची चालवली. आलेख सपाट. खुर्ची खरोखरच रिकामी झाली.

सासरे पडद्याकडे वाकले.

"गेली?" सासऱ्यांनी विचारलं.

"अहो, आईला उठवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बायको कडाडली.

"अगं, ती दाढीची आई होती!"

"कुणाची का असेना! बसलेल्या बाईला असं उठवतात?"

जावयाने मुकाट्याने पुतळा परत आणला. आलेख चढला, टेकला. बापलेकीने एकदमच सुस्कारा सोडला.

"आता मलाही बसवा," सासरे म्हणाले.

खुर्ची एका माणसाची आहे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. जावयाने सासऱ्यांच्या वजनाचा भार बैठकीच्या मधोमध ठेवला आणि बटण दाबलं.

आलेख चढला. मग पडद्यावर पुतळ्याचा भार मधून हलला आणि हळूहळू डावीकडे गेला. अगदी कडेपर्यंत.

"सरकली," सासरे म्हणाले. यात नवल ते काय, असा त्यांचा सूर होता.

जावयाने पुतळा तपासला. दाढीने तो बैठकीला घट्ट जखडून ठेवला होता. केसभरसुद्धा हलणं शक्य नव्हतं. बायकोने त्याचं मनगट इतकं आवळलं की माऊस चालवता येईना. दुसऱ्या हाताने त्याने बैठक रुंद केली, स्प्रिंग दणकट निवडली आणि फाइल पाठवून दिली.

दिवेलागणीला वर्कशॉपच्या फोरमनचा फोन आला. "साहेब, खुर्ची एकाच माणसाची ना? या बैठकीत आणखी एक माणूस मावेल की!"

जावयाने पडद्याकडे पाहिलं. सासरे त्याच्यासमोर बसल्या बसल्या पेंगले होते. मान डावीकडे कलली होती.

"मावेल काय," तो हळूच म्हणाला, "मावलंय."