उत्तमराव वेग मोजतात

"कोणी हात लावायचा नाही! आज या घरात रॉकेट बसलंय, रॉकेट!"

रविवारी सकाळी नऊ वाजता उत्तमरावांनी ही घोषणा केली, तेव्हा सुचेताताईंनी पोह्यांची बशी मुकाट्याने कॉम्प्युटरपासून लांब ठेवली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याच्या घोषणांची सवय झाली होती.

पण आज उत्तमरावांना मिरवायचा हक्क होता. भाईंदरच्या एका पतपेढीतला हेडक्लार्क स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटर उघडतो, म्हणजे काय खायचं काम आहे! केबिन रोडवरच्या जिग्नेशभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्यांनी नवीकोरी एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची वेगवान ड्राइव्ह आणली, तीन व्हिडिओ पाहून स्वतः बसवली आणि कॉम्प्युटर चक्क सुरू झाला! एक स्क्रू उरला, तो त्यांनी गुपचूप खिशात टाकला.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. इशिताला व्हिडिओ एडिटिंगचं पहिलं काम मिळालं होतं. चौक गावच्या ॲग्नेसबाई आणि आल्बर्ट यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती आणि संध्याकाळी सातला अंगणात पडदा लावून त्यांचा व्हिडिओ दाखवायचा होता. तो पाचच्या आत पाठवायचा. हे काम नीट झालं तर पुढची कामं मिळतील, पोरगी घरीच, आपल्या डोळ्यांसमोर बसून काम करेल, असा उत्तमरावांचा हिशेब. पोरीनं लांब कुठे नोकरीला जाऊ नये, एवढंच त्यांना मनापासून वाटत होतं.

"बाबा, तीन तासांचं काम राहिलंय. बसू का?"

"थांब! आधी स्पीड मोजू. खोक्यावर सेकंदाला साडेतीन हजार एमबी लिहिलंय, पण खात्री नको? पतपेढीत मी स्वतःची सहीसुद्धा दोनदा पडताळतो!"

वेग मोजायचं सॉफ्टवेअर सुरू झालं. काटा फिरला. आकडा आला, तीन हजार चारशे दहा!

इथे एखादा शहाणा माणूस उठला असता. उत्तमरावांनी पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्या वेळी आकडा आला सव्वीसशे. तिसऱ्या वेळी अकराशे. चौथ्या वेळी चारशे ऐंशी!

"तुमच्यासारखंच आहे हो," सुचेताताई म्हणाल्या. "सकाळी जोर, मग नुसतं बसून राहायचं."

"व्होल्टेज!" उत्तमराव ओरडले. "व्होल्टेज कमी पडतंय त्याला!"

झालं! पंखे बंद झाले. फ्रिज बंद झाला. धूळ नको म्हणून खिडक्याही लागल्या. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत पापड भाजून निघाले असते. आकडा दोनशेवर आला. शेजारी मिक्सरचा आवाज होताच उत्तमराव बनियनवरच धावले.

"विमलाबाई, जरा मिक्सर बंद ठेवता का?"

"अगोबाई! कोणी आजारी आहे का घरात?"

"कॉम्प्युटर!"

विमलाबाईंनी दार लावून घेतलं. मिक्सर चालूच राहिला.

"बाबा, एक वाजला," इशिता काकुळतीला आली. "दोनशेनेपण होईल माझं काम. द्या ना!"

"टेस्ट अर्धवट तोडली तर ड्राइव्ह कायमची बिघडते!" हे शास्त्र त्यांनी त्याच क्षणी तयार केलं होतं.

तेवढ्यात ॲग्नेसबाईंचा फोन आला. "इशिता, झाला का न्हाय गो आमचा व्हिडिओ? आल्बर्ट सकालपासून कोट घालून बसला हाय!"

पोरीचा चेहरा एवढासा झाला. आपलं काहीतरी चुकतंय हे उत्तमरावांना कळत होतं, पण कबूल करायला जीभ रेटेना. मग त्यांनी दुसराच गुन्हेगार शोधला.

"जिग्नेशनं नकली माल दिलाय! जा, हा आकड्याचा फोटो दाखव त्याला! चार गिऱ्हाइकांसमोर विचार! मीच गेलो असतो, पण इथे टेस्ट चालू आहे."

इशिताने व्हिडिओचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि ती गेली.

उत्तमरावांनी पुढच्या साडेतीन तासांत सत्तावीस वेळा वेग मोजला. आकडा सत्त्याण्णववर येऊन बसला.

"पापलेटं बर्फाच्या पाण्यात पोहायला लागलीत," सुचेताताई म्हणाल्या, आणि त्यांनी फ्रिज सरळ चालू केला.

पाच वाजले. इशिता फोन उचलेना. आता मात्र उत्तमरावांचा धीर सुटला. लेकीचं पहिलंवहिलं काम आपण, तिच्या बापानं, बुडवलं! त्यांनी घाम पुसला आणि चौकला फोन लावला.

"ॲग्नेसबाई, माफ करा... व्हिडिओला जरा उशीर..."

"उशीर कसला? कवाच आला! आल्बर्ट दोनदा रडला हाय बघून!"

साडेपाचला इशिता आली, हातात ताकाची पिशवी!

"जिग्नेशभाईंनीच कॉम्प्युटर दिला बसायला. म्हणाले, बेटा, झगडा बाद में, पहले काम कर ले. आणि त्यांनी विचारलंय, पप्पा ने हीटसिंक के नीचे का प्लास्टिक निकाला क्या?"

नव्या वस्तूचं प्लास्टिक काढलं की तिची गॅरंटी जाते, अशी उत्तमरावांची श्रद्धा. टीव्हीचा रिमोट पाच वर्षं पिशवीतूनच दाबला जात होता. हीटसिंक म्हणजे ड्राइव्ह थंड ठेवणारी पट्टी, आणि तिच्याखाली कागदासारखं पातळ प्लास्टिक होतं. 'काढून टाका' असं त्यावर इंग्रजीत छापलंही होतं. उत्तमरावांनी ते मोठ्या प्रेमाने जपलं होतं! बिचारी एसएसडी आत भाजून मंदावत होती, आणि जेवढी मोजावी तेवढी जास्त.

इशिताने ते सोललं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पुढचा आकडा आला तीन हजार चारशे बारा!

"बघ! बस आता राणीसारखी! उद्यापासून सगळी कामं इथे!"

"बाबा," इशिता हळूच म्हणाली, "मी उद्यापासून जिग्नेशभाईंच्या दुकानात बसणारे. मागे टेबल दिलंय त्यांनी मला."

"अगं, पण त्यांचा कॉम्प्युटर एवढा फास्ट आहे का?"

"नाही. जुनाच आहे. पण तिथे कोणी मोजत नाही."

थोड्या वेळाने मायलेकी नटूनथटून चौकच्या कार्यक्रमाला निघाल्या.

"अहो, येताय ना?"

"हो हो, तुम्ही व्हा पुढे! ही एवढी शेवटची टेस्ट संपू दे!"

काटा फिरला, थांबला. आकडा सहाने वाढला होता!

"बघितलंस?" उत्तमराव आनंदाने मागे वळले. रिक्षा केव्हाच गेली होती.