अकरा फूट चार इंच

संवाद या विषयात अख्ख्या कॉलेजात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी स्वतः सांगतोय म्हणजे खरंच असणार!

साल दोन हजार चार. टी.वाय.ला पाठारे मॅडमनी प्रोजेक्टसाठी विषय दिला, 'व्यक्तींमधील आणि दोन संस्कृतींमधील संवाद'. बाकीची पोरं कॅन्टीनमध्ये बसून एकमेकांचे फॉर्म भरत होती. मी मात्र थेट खेड्यात जायचं ठरवलं. लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात वाचलं होतं, की बोलताना दोन माणसं किती अंतरावर उभी राहतात, त्यावरून त्यांचं नातं आणि संस्कृती ओळखता येते. झालं! शहापूरच्या बाजारातून पंधरा मीटरची टेप घेतली आणि किन्हवलीची एस.टी. पकडली.

बरोबर वर्गातली मनस्वी होती. ती किन्हवलीचीच. पुढच्या एका पाड्यावर तिच्या ओळखीची माणसं होती, तिथं तिनं मला नेलं.

"स्वरूप, टेप आत ठेव," ती वाटेतच म्हणाली. "आधी बसू, चहा पिऊ, बोलू. मग बघू."

"मनस्वी, याला संशोधन म्हणतात. हळदीकुंकू नव्हे!"

पहिल्याच अंगणात सावळाराम नावाचे म्हातारे दोर वळत बसले होते. मी टेप काढली, छाती फुगवली आणि म्हणालो, "आजोबा, आम्ही सर्वे करायला आलोय!"

म्हाताऱ्याच्या हातातला दोर सुटला. आमच्या तालुक्यात सर्वे म्हटलं की आधी टेप येते, मग चुन्याची फक्की येते, मग दगड रोवले जातात आणि मग जमीन जाते. मी जन्मापासून शहापूरचा, पण हे ऐन वेळी साफ विसरलो!

"कसला सर्वे?"

"दोन माणसांच्या मधल्या जागेचा. बरं, मला सांगा, तुमच्यात आणि शहरातल्या लोकांत किती अंतर आहे असं तुम्हाला वाटतं?"

"एस.टी. मिळाली तं तासाभराचं," सावळाराम म्हणाले. "नाय मिळाली तं उद्याचं."

मी वहीत लिहिलं, 'उत्तर देणाऱ्यास प्रश्न समजला नाही.' तोवर म्हातारा उठून पाड्यात पसार झाला होता.

पलीकडच्या अंगणात मात्र मला घबाडच सापडलं! धाऊ आणि गोजर, सख्खे भाऊ. अंगण एक, घरं दोन. मनस्वीनं हळूच सांगितलं, की नऊ वर्षांपूर्वी घरच्या हळदीच्या पंगतीत मटण वाढताना गोजर मोठ्या भावाला ओलांडून पुढं गेला. चुकून! पण त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. काम पडलंच तर मध्ये बांधलेल्या बैलाशी बोलतात.

तेवढ्यात धाऊनं हाक दिली, "ढवळ्या, सांग त्याला, पेंढा भिजतोय!"

लगेच पलीकडून गोजर, "ढवळ्या, सांग, झाकलाय!"

ढवळ्या रवंथ करत होता. त्याचा चेहरा पोस्टातल्या कारकुनासारखा. दोन्हीकडचं ऐकायचं आणि काहीच पोचवायचं नाही!

एवढा अस्सल नमुना पुस्तकवाल्यालाही मिळाला नसेल. मी धावलो. टेपचं एक टोक धाऊच्या पोटाशी करदोट्यात अडकवलं, टेप बैलाच्या पाठीवरून नेली, गोजरच्या पोटाशी धरली आणि मनस्वीला ऐकू जावं म्हणून जोरात ओरडलो, "अकरा फूट चार इंच!"

नेमके तेव्हाच सावळाराम सगळा पाडा घेऊन अंगणात शिरले.

"बघा! बोल्लो नव्हतो? मानसांच्या मधली जागा सरकार घेतंय! धाऊ, तुमची अकरा फूट गेली!"

"आनी वर चार इंच!" मागून कोणीतरी भर घातली.

धाऊ लालबुंद झाला. सवयीनं बैलाकडं वळला. "ढवळ्या, सांग त्याला..." पण मधेच थांबला. आणि मग बैलाला हातानं बाजूला सारून थेट ओरडला, "गोजर! बघतोस काय? धर त्या सायबाला!"

"दादा, तू तिकडून ये! मी वाट आडवतो!"

नऊ वर्षांनंतरचा पहिला संवाद! आणि विषय काय, तर मी! दोघांनी मिळून माझ्याच टेपनं मला असं गुंडाळलं, की वटपौर्णिमेच्या दिवशीचा वड माझ्यापुढं मोकळा वाटला असता.

"अहो, मी सरकारचा नाही! मी फक्त अंतर लिहितो! लांब उभे राहिलात तर जास्त, जवळ आलात तर कमी!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

"ऐकलं ना?" सावळाराम गरजले. "जवळ हुबं रा रे सगळी! मधी जागा सोडू नका!"

आणि अख्खा पाडा एकमेकांना चिकटला! लहानी नावाची आजी आणि तिची सून गंगी सकाळीच पाण्याच्या हंड्यावरून भांडलेल्या. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एकानं तर मध्ये फट नको म्हणून शेजाऱ्याचा सदराच आपल्या बटणात अडकवला. धाऊ आणि गोजर पोटाला पोट लावून उभे.

"मोज आता!"

मला सोडलं. मी मोजलं. "शून्य!"

"लिव. मोठं लिव!"

तेवीस जोड्या मोजल्या. प्रत्येक जण वहीत डोकावून आपलं शून्य बघून जाई. त्यात मला एक शास्त्रीय अडचण आली. पोटं टेकतात, पण नाकं टेकत नाहीत. मग अंतर धरायचं कुठून? मी घामाघूम होऊन तो प्रश्न सोडवत होतो. धाऊ आणि गोजर मात्र माझं मोजून झालं तरी तसेच उभे होते. काहीतरी पुटपुटत होते. मध्येच धाऊनं खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले. मी त्यांना म्हणालो, "हलू नका, नाकाचं राहिलंय!"

अखेर मनस्वी पुढं झाली. "काका, काय नाय हो! आमी कालेजची पोरं. तुमी कसं बोलतात, येवढंच लिवून न्यायचं हाय."

"मंग आधी बोलायचं ना गो!" सावळाराम हसले. पाठोपाठ सगळा पाडा हसला. चहा आला, मग भात आणि सुकटही आलं. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवले आणि या वेळी गोजरनं आधी धाऊला वाढलं.

प्रोजेक्ट मी चाळीस पानी केला. तोंडी परीक्षेला पाठारे मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला.

"स्वरूप, आलेखात तर काहीच नाही."

"आहे ना, मॅडम! ती अगदी खालची रेघ. ते सगळे शून्यावर आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. मनस्वीनं त्यांना सगळं आधीच सांगितलेलं दिसत होतं.

"ते राहू दे. दोन सख्खे भाऊ नऊ वर्षांनी एकमेकांशी बोलले, आणि तू त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतास. काय बोलले ते?"

मी खूप आठवून पाहिलं. धाऊचं पोट आठवलं. गोजरचं नाक तर दशांशासकट आठवलं.

"मॅडम," मी म्हणालो, "ते मला नाही ऐकू आलं. मी मोजत होतो!"