चेस्टर टटल यांच्याशीच बोलायचं आहे

सोमवारी सकाळी सामान पोचवणारा एक ट्रक हॉलिस टटलच्या अंगणात वळला आणि जाताना इंटरनेटची तार सोबत घेऊन गेला. त्याने आणलं काय होतं, तर अर्लीनसाठी पायमोज्यांचा एक जोड. खोका मात्र एवढा, की त्यात मेंढी मावली असती.

"बघ," लोंबकळणाऱ्या तारेकडे बघत हॉलिस बायकोला म्हणाला, "याला म्हणतात प्रगती. गावात दुकान होतं तेव्हा मोज्यांपायी कुणाची तार तुटली नव्हती."

"गावात दुकान होतं तेव्हा तू तिथंही भांडायचास," अर्लीन म्हणाली. "गुरुवारच्या आत जोडून घे म्हणजे झालं."

गुरुवारी टूसॉनला त्यांची नात टेस शाळेच्या बँडमध्ये पहिल्यांदा ट्रॉम्बोन वाजवणार होती. तिकडे दुपारचे तीन, म्हणजे इथे व्हरमाँटमध्ये संध्याकाळचे सहा. ट्रॉम्बोन हॉलिसचाच. गावच्या बँडमध्ये तीस वर्षं वाजवून त्याने तो गोधडीत गुंडाळून नातीला पाठवला होता, आणि नऊ वर्षांच्या टेसने फोनवर बजावलं होतं, "आजोबा, तुम्ही बघत नसलात तर मी फुंकणारच नाही. नुसती धरून बसेन." ती हे करू शकली असती. टटलांचीच पोर.

हॉलिस एकाहत्तर वर्षांचा. उभा जन्म त्याने ईस्ट पॉमरॉयच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला होता आणि नोकरी सुटल्यावर तोच जोर रेडिओवर काढत होता. सकाळच्या बातम्यांना तो रोज उत्तरं द्यायचा. त्याचा राग दोघांवर होता, पुढाऱ्यांवर आणि कंपन्यांवर. आणि दोघं वेगळे आहेत हे त्याला मान्य नव्हतं.

त्या रागातूनच पुढचं सगळं झालं. सहा वर्षांपूर्वी इंटरनेट घेताना कंपनीने नाव विचारलं. "नाव दिलं की विकतात," हॉलिस म्हणाला, आणि त्याने नाव दिलं चेस्टर टटल.

चेस्टर हा त्यांचा हंस. हंस म्हटल्यावर कुणी वीणा, कमळ, नीरक्षीरविवेक असलं काही डोळ्यांसमोर आणू नये. या हंसापुढे दूध आणि पाणी ठेवलं असतं तर त्याने दोन्ही लवंडून दिलं असतं आणि ठेवणाऱ्याची पोटरी धरली असती.

एकदा नाव चाललं म्हटल्यावर हॉलिसला चटकच लागली. वाण्याच्या सवलत कार्डावर चेस्टर, खाद्याच्या दुकानात चेस्टर, दोन्ही राजकीय पक्षांकडून येणाऱ्या प्रश्नावल्यांवरही चेस्टर. त्यात तो प्रत्येक प्रश्नापुढे 'अजून ठरलेलं नाही' वर खूण करायचा आणि बिनतिकिटाच्या पाकिटातून परत पाठवायचा. हळूहळू चेस्टर हा गावातला एक वजनदार गृहस्थ झाला. त्याला श्रवणयंत्रांची पत्रकं यायची, जहाजाच्या सहलींची आमंत्रणं यायची. हॉलिसला काहीसुद्धा यायचं नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

तर हॉलिसने फोन लावला. फोनची तार वेगळी, जुनी, जमिनीखालून गेलेली, म्हणून ती वाचली होती. सत्तेचाळीस मिनिटं सनई ऐकवावी तसं एकच गाणं ऐकवल्यावर डिअँड्रा नावाची मुलगी बोलायला आली. आवाज गोड होता.

"मी कोणाशी बोलतेय, सर?"

"चेस्टर टटल," हॉलिस म्हणाला.

"छान. सुरक्षेसाठी एकदोन प्रश्न विचारते. तुमचा आवडता पदार्थ?"

"भरडलेला मका."

"बरोबर. जन्मतारीख?"

इथे हॉलिस अडकला. सहा वर्षांपूर्वी काय ठोकून दिलं होतं ते आता कुणाला आठवणार? त्याने आधी स्वतःची तारीख सांगितली. मग अर्लीनची. मग अर्लीनने हाताने चार बोटं दाखवली म्हणून चार जुलै, देशाचा वाढदिवस. तिन्ही चुकल्या.

"सर, मला खातं बंद करावं लागतंय. तुमच्याच सुरक्षेसाठी." डिअँड्राला खरंच वाईट वाटत होतं. "आता फक्त आवाजावरून उघडेल. तुमच्या आवाजाचा नमुना आहे आमच्याकडे. नाव सांगा."

"चेस्टर टटल."

"जुळत नाही, सर."

"चेस्टर टटल," हॉलिस जरा घोगरं बोलला.

"आणखीच जुळत नाही. मला स्वतः चेस्टर टटल यांच्याशीच बोलावं लागेल. ते घरी आहेत का?"

हॉलिसने खिडकीतून पाहिलं. चेस्टर अंगणात खोक्याशी झुंजत होता. "आहे. पण तो फोनवर येत नाही."

"तब्येत बरी नाही का त्यांची?"

अर्लीनने फोन हातातून घेतला. "हे बघ, बाळ, तब्येत ठणठणीत आहे. चेस्टर हा आमचा..." एवढ्यात हॉलिसने फोनवर हात ठेवला.

"सांगू नकोस," तो कुजबुजला. "खातं खोटं निघालं तर नवीन काढावं लागेल. चौदा दिवस लागतात. गेल्या वेळी लागले होते."

"आमचा फार लाजाळू माणूस आहे," अर्लीनने वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला. मग ती विचारात पडली. "हॉलिस, आवाज नोंदवला तेव्हा तू कुठं होतास?"

"अंगणात. तीनदा नाव सांगायला लावलं होतं. अन् तिन्ही वेळा हे कार्टं माझ्या आवाजावर ओरडत होतं, मला माझंच ऐकू येईना."

"मग फोन बाहेर ने. त्याच्याशीच बोलायचंय ना त्यांना? बोलू दे की."

"अर्लीन, अख्खं गाव मला ओळखतं. मी हंसाच्या चोचीला फोन लावून उभा राहणार नाही."

"बरं," अर्लीन म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने असे शंभरएक 'बरं' म्हटले होते आणि एकही वाया गेला नव्हता.

मंगळवारी दारात एक गृहस्थ उभे. ड्वाइट लेसार्ड, निवृत्त दंतवैद्य, राज्याच्या विधानसभेला उभे होते. मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं. हातात यादी, चेहऱ्यावर स्वतः केलेलं काम असावं असं हसू.

"चेस्टर टटल यांना भेटायचं होतं."

हॉलिस दार लावणारच होता, पण थांबला. "कशाला?"

"खरं सांगू?" लेसार्डांनी आवाज खाली आणला. "या अख्ख्या भागात सगळ्यांचं ठरलेलं आहे. यांचं एकट्याचं सहा वर्षं ठरलेलं नाही. मतदारयादीत नाव नाही, पण ते काय, मतदानाच्या दिवशीही घालता येतं. आमच्याकडची माहिती सांगते की खेड्यातला साधा माणूस, मका खातो, कुणापुढे वाकत नाही. असा माणूस आता राहिलाय कुठं?"

"ते मात्र खरं आहे," हॉलिस म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला राजकारणाचा उपयोग सुचला. "चेस्टर सध्या फार नाराज आहे. इंटरनेट बंद आहे, कंपनी दाद देत नाही. हे जो गुरुवारच्या आत करून देईल त्याच्याबद्दल चेस्टरचं मत नक्की बदलेल."

"तुम्ही काळजीच सोडा," लेसार्ड म्हणाले आणि पायऱ्या उतरले. अंगणात त्यांना चेस्टर भेटला. ते गाडीपर्यंत पळत गेले.

बुधवारी प्रुडन्स हेल आल्या. विरुद्ध बाजूच्या उमेदवार. त्यांच्याकडेही तीच यादी होती. एकाच दुकानातून घेतलेली असावी. हॉलिसने त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनीही तसाच शब्द दिला, आणि चेस्टरने त्यांचीही तीच पोटरी धरली. पक्षभेद असा त्याच्या ठायी नव्हताच.

"दोघांना कामाला लावलंय," रात्रीच्या जेवणाला हॉलिस म्हणाला. "एक नाही तर दुसरा करेलच. याला म्हणतात लोकशाही."

"बरं," अर्लीन म्हणाली.

गुरुवारी दुपारी हॉलिसने कंपनीला फोन केला. या वेळी फक्त अडतीस मिनिटं. दुसरीच मुलगी होती, तिने यादी पाहून आनंदाने सांगितलं, "टटल यांच्या खात्यावर दोन तक्रारी आल्यात, सर, दोन्ही फार वरून आलेल्या. एकाच तारेच्या दोन तक्रारी म्हणजे दुबार, म्हणून पहिलीने दुसरी रद्द झाली."

"मग पहिली?"

"दुसरीने पहिली रद्द झाली. आता काही थकलेलं काम दिसत नाही. आणखी काही मदत करू?"

हॉलिसने फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसला. पाच वाजायला आले होते. शेजारचं घर फक्त उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांचं, ते सप्टेंबरातच कुलूप लावून गेलेले. मोबाइलला रेंज लागायची ती दफनभूमीच्या टेकडीवर, आणि तीसुद्धा "ऐकू येतंय का" एवढं विचारण्यापुरती.

"ती नुसती धरून बसेल," हॉलिस म्हणाला.

"वाचनालय आहे की," अर्लीन म्हणाली.

"गुरुवारी पाचला बंद होतं."

"पूर्वी आठपर्यंत असायचं."

मार्चातल्या ग्रामसभेत, अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये बसलेलं असताना, वाचनालयाची संध्याकाळ कमी करावी असा ठराव एका माणसाने मांडला होता. "आजकाल घरोघरी इंटरनेट आहे, संध्याकाळी तिथं जायचंय कुणाला?" असं भाषणही केलं होतं. लोकांनी हात वर केले, ठराव मंजूर झाला, मग सगळ्यांनी बीन्स आणि अ‍ॅपल पाय खाल्ला. तो माणूस आता खुर्चीत बसून बूट घालत होता.

ते पोचले तेव्हा ईनिड कॉर्बील दाराला कुलूप लावत होती. वाचनालय म्हणजे ईनिडच. बाकी नुसती पुस्तकं. तिने हॉलिसकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पाच वाजून चार मिनिटं," ती म्हणाली. "गावाचा निर्णय आहे बाई. माझं काय चालणार?"

"ईनिड," हॉलिसने टोपी काढली. "टेस सहाला ट्रॉम्बोन वाजवणार आहे. मी बघत नसलो तर ती फुंकणार नाही म्हणते."

"कुणाचा ट्रॉम्बोन?"

"माझा."

"तो? ज्याने तू माझ्या लग्नात 'हळू वाजव' म्हटल्यावर जोरात वाजवला होतास?"

"तोच."

ईनिडने कुलूप पुन्हा उघडलं. दिवे लावले. संगणकापाशी मात्र ती आडवी उभी राहिली आणि एक छापील कागद पुढे केला. "कार्ड लागेल. अर्लीनचं गेल्या वर्षी संपलंय. तुझं कधी नव्हतंच. नाव, पत्ता, सही."

हॉलिसने पेन घेतलं. सवयीने हाताने 'चे' काढलाही होता.

"हॉलिस," ईनिड म्हणाली, "मी हे विकत नाही रे कुणाला. खणात ठेवते."

त्याने अक्षर खोडलं आणि वरती स्वतःचं नाव लिहिलं. हात जरा अवघडला होता. सहा वर्षांत त्याने ते नाव कुठेही लिहिलं नव्हतं.

सहाला टूसॉनच्या शाळेचा हॉल पडद्यावर आला. मागच्या रांगेत टेस होती, ट्रॉम्बोन तिच्याहून लांब. टेसच्या बापाने तिकडे फोन वर धरला, तिने त्यात आजोबांचं तोंड पाहिलं, आणि ती फुंकायला लागली. बाकीचा बँड थांबल्यावरही शेवटचा सूर तिने सोडला नाही. मास्तरांनी दोनदा हात खाली केले.

"अजून," हॉलिस पडद्याला म्हणाला. "अजून धर." त्याने डोळे पुसले ते टोपीने, आणि ईनिडने वर छताकडे बघत ट्यूबलाइट बदलायला झालीय असं उगाच म्हटलं.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "मार्चात ठराव मांडीन. संध्याकाळ परत सुरू करा म्हणून."

"कोण विरोध करेल?" अर्लीनने विचारलं.

"मागचं भाषण ज्यांना आठवतंय ते सगळे."

शनिवारी सकाळी फोन वाजला. कंपनीचं यंत्र होतं. "चेस्टर टटल यांच्या दोन तक्रारी यशस्वीपणे बंद केल्या आहेत. आपला अभिप्राय हवा आहे. कृपया आवाज ओळखण्यासाठी बोला."

हॉलिसने अर्लीनकडे पाहिलं. ती मक्याचं भांडं घेऊन कोंबड्यांना घालायला निघाली होती. ती थांबली आणि तिने अंगणाचं दार कोपराने उघडून धरलं. हॉलिसने रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं, बिनतारी फोन घेऊन अंगणात गेला, आणि हात होता होईल तेवढा लांब करून तो चेस्टरसमोर धरला.

चेस्टरने मान लांबवून त्याला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. कोठाराच्या भिंतीवरून ते दोनदा परत आलं.

"धन्यवाद, चेस्टर," यंत्र म्हणालं. "आवाज जुळला. तुमचं खातं उघडलं आहे. तार तुटली असल्यास आता बोला."

चेस्टर बोलला.

"माणूस आज दुपारी दोनला येईल. घरातल्या आणखी कुणाला या खात्यावर अधिकार द्यायचा आहे का?"

हॉलिस पुढे वाकला. "हो, हॉलिस ट..." पण चेस्टरने मान खाली घालून, पंख पसरून, एक लांब फूत्कार टाकला.

"समजलं," यंत्र म्हणालं. "नको."